वय विकणारी जत्रा

"मामा, दीडशे पानं वाचलो. अजून एक बी भूत आलं नाही. तरी भ्या वाटायलंय. असं का?"

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, बहिणीच्या शेतात गेलो होतो, अहमदपूरकडं. तिथं भाच्यानं मला हे विचारलं. पोराला चौदावं लागलंय. लातूरला खोली करून राहतो, सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास. तिथंच कुणाकडून तरी रे ब्रॅडबरीची 'समथिंग विकेड धिस वे कम्स' ही कादंबरी त्याच्या हाताला लागली होती आणि मोबाईलवर शब्द बघत बघत तो ती वाचत होता. कोपीतली, म्हणजे कडब्याच्या खोपीतली, पूजा झाली होती, भज्जी-भाकरी आणि आंबील पोटभर झालं होतं, दाजी कडब्याच्या पेंढीला टेकून डोळे मिटून पडले होते. मी ही कादंबरी आयुष्यात तीनदा वाचली आहे आणि दर वेळी ती मला वेगळ्या ठिकाणी लागली आहे. तरी त्याच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. दिवस मावळेपर्यंत त्याला जे सांगत बसलो, तेच इथं जरा नीट लावून लिहितोय.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. या जातीच्या पुस्तकाला डार्क फॅन्टसी म्हणतात. निव्वळ भयकथेत भीती हाच मुक्काम असतो. दार करकरतं, कुणीतरी मागं उभं असतं, आपण दचकतो, गोष्ट संपते. निव्वळ फॅन्टसीत जादू असते, पण ती बघून डोळे दिपावेत म्हणून असते. डार्क फॅन्टसीतली जादू खरी असते आणि शब्दाला पक्की असते. माणूस जे मागतो ते ती देते. भीती त्या देण्यातच आहे, कारण हवं ते मिळालेल्या माणसाचं पुढं काय झालं हे लेखक आपल्याला जवळून दाखवतो. व्याख्या करणारे अनेक आहेत आणि प्रत्येकाची वेगळी आहे. मला इतक्या वर्षांच्या वाचनातून ही सापडली.

हे खूळ परदेशातून आलंय असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. या जातीची एक फार जुनी गोष्ट आपल्या पैठणची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' लिहिलं. त्यातली वेताळाच्या पंचवीस गोष्टींची माळ सुरू होते ती गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरात, म्हणजे पैठणात. राजा त्रिविक्रमसेन, लोकांच्या तोंडी पुढं तो विक्रम झाला. एक भिक्षू रोज येतो, राजाला एक फळ देऊन जातो. एक दिवस फळ फुटतं आणि आत रत्न निघतं. इतके दिवस फुकट मिळालेल्या त्या रत्नांचं मोल म्हणून राजाला काळ्या रात्री मसणात जावं लागतं आणि झाडाला लटकलेलं प्रेत खांद्यावर वाहावं लागतं. प्रेतात वेताळ असतो. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलं तर डोकं फुटणार, तोंड उघडलं तर प्रेत पुन्हा झाडावर. सोमदेवानं जिचा आधार घेतला त्या गुणाढ्याच्या बृहत्कथेचीही कथा सातवाहन राजाच्या दरबाराशी जोडलेली आहे. गुणाढ्यानं ती पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं नाकारली तेव्हा रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं, असं सांगतात.

म्हणून भाच्याला म्हटलं, तू वाचायलास ते पुस्तक अमेरिकेचं असलं तरी त्याची सोयरीक आपल्या घराशी लागते.

आता गोष्ट. कादंबरी आली 1962 मध्ये. गाव ग्रीन टाऊन, इलिनॉय राज्यातलं. ब्रॅडबरीचा जन्म 1920 चा, त्याच राज्यातल्या वॉकीगन गावचा, आणि ग्रीन टाऊन म्हणजे नाव बदललेलं वॉकीगनच. दोन पोरं आहेत, शेजारी शेजारी राहणारी, चौदाव्याच्या उंबऱ्यावरची. विल हॅलोवे 30 ऑक्टोबरला मध्यरात्रीच्या एक मिनिट आधी जन्मलेला. जिम नाइटशेड मध्यरात्रीनंतर एका मिनिटानं, म्हणजे 31 ऑक्टोबरला, तिकडं भुताखेतांचा सण असतो त्या तारखेला. दोघांत दोन मिनिटांचं अंतर, पण मधून तारीख गेलेली. विल सरळ पोरगं. जिम काठावरचा. नाइटशेड हे एका विषारी झाडाचं नाव आहे. आपला धोत्रा त्याच कुळातला. जिमच्या घरी बाप नाही, भावंडं दगावलेली, आईला हा एकटाच उरलेला. त्याला लवकर मोठं व्हायचंय. ही त्याची भूक लेखक पहिल्या काही पानांतच दाखवून ठेवतो आणि मग तिच्या वासावर जत्रा येते.

जत्रा येते ती अवेळी. हे आपल्याला अमेरिकन वाचकापेक्षा बरं कळेल, असं मला वाटतं. आपल्याकडं जत्रेला तिथी असते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा येळवसेच्या सुमाराला भरते; घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, पाळणे, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार"च्या गजरात उधळलेला भंडारा. मग उन्हाळाभर गावोगावचे उरूस आणि यात्रा. पाऊस लागला की पाळणेवाले सामान बांधतात. आता समजा, आषाढात झड लागलीय, चिखल झालाय, आणि रात्री तीनला गावाबाहेरच्या माळावर पाळणे उभे राहिलेत. माणूस दिसत नाही. कंदील नाही. बाजा मात्र वाजतोय आणि वाजवणारं कुणी नाही. तिथं उन्हाळा संपला की गावात जत्रा येत नाहीत, आणि ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते, रात्री तीनच्या रेल्वेनं.

तीन वाजताचं एक प्रकरण त्यात वेगळं आहे. विलचा बाप चार्ल्स हॅलोवे त्या वेळी जागा असतो आणि विचार करत असतो की पहाटेचे तीन ही माणसाची सगळ्यात कच्ची वेळ. मध्यरात्र गेलेली, उजाडायला अवकाश, अंगातलं पाणी ओसरलेलं. हे मी भाच्याला सांगत होतो तेव्हा दाजींनी डोळे न उघडताच सांगितलं, "खरं हाय. लाईट रातची असली की मी तीनला पाण्याची दारं धरायला येतो. दोनला काही वाटत नाही, चारला काही वाटत नाही. तीनला आपल्याच पावलाचा आवाज मागून येतो."

या जत्रेचे मालक दोघं, कूगर आणि डार्क. जत्रेत आरशांचा चक्रव्यूह आहे, आंधळी चेटकीण आहे, विद्रूप माणसांचा तंबू आहे, आणि लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा आहे. सगळी कादंबरी या पाळण्याभोवती फिरते. नियम साधा. पाळणा सुलटा फिरला की एका फेऱ्याला बसणाऱ्याचं वय एक वर्षानं वाढतं. उलटा फिरला की एका वर्षानं घटतं. पोरं झाडावर लपून बघतात: कूगर, बाप्या माणूस, उलट्या पाळण्यावर बसतो आणि उतरतो तेव्हा बारा वर्षांचा पोरगा झालेला असतो. बाजाही त्या वेळी उलटा वाजत असतो. पुढं त्याच पाळण्याचा सुलटा वेग आवरत नाही आणि तोच कूगर शंभरी ओलांडलेलं हाडांचं गाठोडं होतो, त्याला विजेचे झटके देऊन धुगधुगीत ठेवावं लागतं.

इथं थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. पाळणा अंगाचं वय बदलतो, मनाचं नाही. पोरांच्या शाळेत मिस फोली नावाच्या बाई आहेत, पन्नाशीच्या, एकट्या. त्यांना पुन्हा लहान व्हायचंय. जत्रा त्यांना लहान करते. नंतर एका झाडाखाली एक चिमुरडी रडत बसलेली दिसते. विलला कळतं की या आपल्या बाई. पण आता त्यांना घर नाही, नाव नाही, पगार नाही. दारावर जाऊन "मी मिस फोली" म्हटलं तर कोण दार उघडणार? ज्यांनी त्यांना ओळखलं असतं ते सगळे त्यांच्या खऱ्या वयाला ओळखत होते. मग त्या कुठं जाणार? जत्रेतच. दुसरा ठावठिकाणाच उरत नाही. ब्रॅडबरीनं इथं रक्ताचा थेंब सांडलेला नाही. एक लहान मुलगी झाडाखाली रडते, एवढंच. मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते पान उलटायला मला वेळ लागला.

सुलट्या बाजूचं दुःख तर आपण रोज बघतो. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मायबापासोबत लेकरंही जातात. जाताना जे पोरगं बैलाच्या मागं हुंदडत जातं ते हंगाम संपवून परत येतं तेव्हा बाप्यासारखं बोलतं. भाकरी भाजणारी, धाकट्याला कडेवर घेणारी आठ-नऊ वर्षांची पोरगी बाईसारखी बसते. सहा महिन्यांत किती फेरे झाले कोण मोजतं? जिमला मोठं व्हायची हौस आहे. या लेकरांना कुणी विचारलेलंही नाही. कादंबरीतला पाळणा मला खोटा वाटत नाही तो यामुळं.

आणि लातूरच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला काय हवं असतं? "एकदाचं बारावी होऊन जाऊ दे," हे तो दहादा म्हणतो. दोन वर्षं, तीन वर्षं, एकदम पुढं. त्याला भीती वाटत होती ती या ठिकाणी. भूत नव्हतं, पण पाळण्यापाशी जिमच्या शेजारी तोही उभा होता.

आता गोंदणाचं सांगतो. जत्रेचा दुसरा मालक डार्क, याच्या अंगभर चित्रं गोंदलेली आहेत. तो हलला की चित्रं हलतात. ज्या ज्या माणसाला जत्रेनं गिळलं त्याचं चित्र त्याच्या कातडीवर आहे, आणि त्या चित्रातून तो त्याला नाचवतो. विल आणि जिमला शोधत तो गावात फिरतो तेव्हा त्यांचे चेहरे त्याच्या तळहातांवर गोंदलेले असतात. भर रस्त्यात तो चार्ल्सला तळहात उघडून दाखवतो आणि विचारतो, ही पोरं ओळखता का? पोरं त्या वेळी त्यांच्या पायाखालीच, फुटपाथच्या लोखंडी जाळीखाली, श्वास धरून बसलेली.

माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. डाव्या हातावर तुळस, उजव्यावर विंचू, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके. जत्रेतच गोंदवून घेतलेलं, लग्नाआधी. हिरवट काळं पडलेलं, आणि म्हातारपणी कातडी सैल झाल्यावर तुळशीची पानं सुरकुत्यांत मुडपलेली. मी बोटानं ती पानं ताणून सरळ करायचो. आजी म्हणायची, "सोनंनाणं समदं हितंच राहतंय बाबा. मेल्यावर संगं गोंदणच येतंय." आमच्या भागातल्या बायकांचा हा पक्का समज. गोंदण म्हणजे आपली, आपल्यासोबत वर जाणारी एकमेव चीज. ब्रॅडबरीनं नेमकं हेच उलटं करून टाकलंय. तुझं गोंदण तुझ्या अंगावर नाही, दुसऱ्याच्या अंगावर आहे, आणि तू मेलास तरी ते त्याच्याच सोबत राहणार. हे ज्याला कळलं त्याला डार्क नावाच्या माणसाची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आरशांचं तसंच. मी अकरा-बारा वर्षांचा असताना वडिलांनी मला माळेगावला नेलं होतं. तिथं वेड्यावाकड्या आरशांचा एक तंबू होता. एका आरशात मी जाडा, दुसऱ्यात बुटका. तिसऱ्यात वडील दिसले: पाठीत वाकलेले, मान खांद्यात गेलेली, हात गुडघ्यापर्यंत लोंबणारे. सगळे हसले, वडीलही हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांचा सदरा धरून ओढला, म्हटलं, चला बाहेर. पंचवीस वर्षांनी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीला धरून येणारे वडील मी त्याच आकारात बघितले. कादंबरीतला आरशांचा चक्रव्यूह हेच करतो: आज आहात ते सोडून बाकी सगळी वयं दाखवतो. मिस फोली त्यात स्वतःची लहान मुलगी बघून ओढल्या जातात. चार्ल्स त्यात शेकड्यांनी म्हातारे चार्ल्स बघून गुडघ्यावर येतो. रानात चकवा लागलेला माणूस उजाडेपर्यंत त्याच बांधाभोवती फिरतो म्हणतात ना, तसा आपल्याच वयाचा चकवा.

आता बाप. माझ्या मते कादंबरी पोरांच्या नावावर असली तरी ती या बापाची आहे. चार्ल्स हॅलोवे 54 वर्षांचा, गावच्या ग्रंथालयात झाडलोट करणारा. उशिरा लग्न केलं, उशिरा पोरगं झालं, आणि पोरासोबत पळता येत नाही ही खंत त्याला आतून पोखरते. रात्री कुलूप लागलेल्या ग्रंथालयात तो पुस्तकं वाचत बसतो. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातही एक शिपाईमामा होते, सातवी शिकलेले. मला अमुक पुस्तक हवंय म्हटलं की रजिस्टर न बघता कपाटापाशी जायचे. पुस्तकाचं नाव त्यांना पुष्कळदा नीट म्हणता यायचं नाही, पण ते कुठं आहे आणि आत काय आहे हे ठाऊक असायचं. त्यामुळं चार्ल्स हा झाडूवालाच या जत्रेचं मूळ शोधून काढतो, हे मला कधी अवघड वाटलं नाही. तो जुनी कात्रणं, जुन्या जाहिराती मांडतो आणि बघतो की हीच जत्रा, हीच नावं, दर काही वर्षांनी या गावात येऊन गेलेली आहेत.

मग तो पोरांना सांगतो की ही माणसं खातात काय. ती माणसं मारून खात नाहीत. माणसाची हळहळ, पस्तावा, रात्रीची तळमळ, हे त्यांचं खाद्य. म्हणून ती कुणावर जबरदस्ती करत नाहीत. ज्याला स्वतःच्या वयाचा कंटाळा आलाय तो आपल्या पायानं तंबूत येतो. शीर्षकाच्या ओळीचाही अर्थ इथं उघडतो. ती ओळ शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या चेटकिणीच्या तोंडची आहे. अंगठे शिवशिवतायत, काहीतरी अभद्र इकडंच येतंय, असं ती म्हणते. आणि त्या नाटकात पुढच्या क्षणाला दारातून येतो तो मॅकबेथ. म्हणजे भूत नाही, राक्षस नाही. राज्याची हाव सुटलेला एक माणूस.

डार्क ग्रंथालयात येतो, चार्ल्सला तरुण करायचं आमिष दाखवतो. चार्ल्स नाही म्हणतो, डार्क त्याचा हात चिरडतो आणि चेटकिणीला सांगतो, याचं काळीज बंद पाड. ती बोटं नाचवायला लागते, काळीज मंदावतं. आणि मरता मरता चार्ल्सला त्या बोटांची गंमत वाटते. गुदगुल्या केल्यासारखी दिसतात. तो हसतो. चेटकीण मागं सरते. तो आणखी हसतो. ती पळते. पुढं बंदुकीच्या खेळात चार्ल्स गोळीवर चंद्रकोर कोरतो, ते त्याचं हसू, आणि त्या गोळीनं चेटकीण मरते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि हे मला पटलं नव्हतं. एवढं मोठं अभद्र उभं केलं आणि हसण्यानं संपवलं? अनेक वाचकांची आजही हीच तक्रार आहे. आता मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण थोडं पैठणचं आहे, थोडं घरचं. सोळाव्या शतकात पैठणला नाथ महाराजांनी भारुडं रचली. त्यात विंचू चावतो, भूत लागतं, आणि ऐकणारी माणसं खळखळून हसतात. हसल्यावर विंचू लहान होत नाही, पण काम आणि क्रोध हाच तो विंचू, हे कळण्याइतकं मन सैल होतं. जत्रेचा सगळा धंदा आपण आपल्या पस्ताव्यापुढं मान खाली घालून उभं राहण्यावर चालतो. मान वर करून हसणाऱ्याला ती काय विकणार?

घरचं कारण असं. वडील गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी जेवणाच्या पंगतीनंतर चुलत्यानं वडिलांची एक जुनी गोष्ट काढली: बैलबाजारात फसून एकडोळ्या बैल घेऊन आले होते आणि आजोबांना सांगत होते की हा एका डोळ्यानं दोन डोळ्यांचं बघतो. आधी एक हसला, मग दुसरा. मग आई हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. त्या तेरा दिवसांत आईनं पहिल्यांदा त्या वेळी पोटभर श्वास घेतला. कादंबरीच्या शेवटी जिम पाळण्यावरून पडतो, थंड पडतो. विल रडायला लागतो. आणि चार्ल्स त्याला म्हणतो, रडू नको, त्यांना हेच हवंय. नाच, गा, हस. बाप-लेक त्या निपचित पोराभोवती वेड्यासारखे गातात, उड्या मारतात, आणि जिम डोळे उघडतो. आईचं ते हसू बघितल्यानंतर मी हे पान वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर भाचा म्हणेल मामा एकाच बाजूनं बोलतो. भाषा फार सजवलेली आहे. वारा नुसता वाहत नाही, त्याला चार उपमा लागतात. ग्रंथालयातलं चार्ल्सचं भाषण लांबतं. बायका जवळजवळ नाहीतच: आया घरात, मिस फोली बळी, चेटकीण दुष्ट. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे जत्रेतली विद्रूप शरीरं. वीजरोधक सळ्या विकणारा भला माणूस जत्रेत जाऊन ठेंगू होतो, त्याची बुद्धी जाते. अंगाचं वेगळेपण म्हणजे पापाची शिक्षा, असा अर्थ त्यातून निघतो आणि आज वाचताना तो डाचतो. जन्मानं ठेंगू असलेल्या वाचकाला तिथं काय वाटत असेल याचा विचार करूनच ती पानं वाचावीत.

हे पुस्तक आलं कुठून, हे थोडक्यात. 1932 मध्ये, बारा वर्षांचा असताना, ब्रॅडबरी गावात आलेल्या जत्रेत गेला. तिथं विजेच्या खुर्चीत बसून खेळ करणाऱ्या एका जादूगारानं झगमगत्या तलवारीनं त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, चिरंजीव हो. ही आठवण ब्रॅडबरी जन्मभर सांगत राहिला आणि आपण लिहायला लागलो ते त्यानंतर लगेच, असंही. 1948 मध्ये त्यानं उलट्या फिरणाऱ्या आकाशपाळण्याची एक लघुकथा लिहिली. पुढं नट आणि नर्तक जीन केली याच्यासाठी तिची पटकथा केली. केलीला पैसे उभे करता आले नाहीत, तेव्हा त्याच पटकथेची कादंबरी झाली. 1983 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. ब्रॅडबरी कॉलेजात कधी गेला नाही. सार्वजनिक ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून शिकला, त्यामुळं या कादंबरीतली सगळ्यात मोठी लढाई पुस्तकांच्या कपाटांमध्ये होते यात नवल नाही. तो 2012 मध्ये गेला, 91 वर्षांचा होऊन.

भाच्यानं शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा ऊन उतरलं होतं. "मग जत्रा मेल्यावर पाळणा कुणाचा झाला?"

हा प्रश्न कादंबरीतही येतो. जत्रा कोसळलेली, मालक मेलेला, पाळणा शाबूत. तिघं त्याच्यापुढं उभे. फक्त तीन फेरे घेतले तर? पोरं सतरा वर्षांची होतील. चार्ल्स उलटे घेईल तर एक्कावन्नचा होईल. कोण बघतंय? आणि चार्ल्सला कळतं की तीनवर कुणी थांबत नाही. परत यावंसं वाटणार, मग सोबतीला कुणीतरी हवं वाटणार, मग एकदोघांना फेरे विकावे लागणार, आणि एक दिवस आपणच जत्रेचे मालक. तो लोखंडी पाना उचलतो आणि पाळण्याची यंत्रं फोडून टाकतो. घरी जाताना पोरं शर्यत लावतात. चार्ल्सच्या छातीत बारीक कळ येते, तो क्षणभर थबकतो, मग त्यांच्यासोबत पळतो.

"म्हणजे तो चौपन्नचाच राहिला?" भाच्यानं विचारलं.

"चौपन्नचाच."

दाजी उठले. दिवस बुडाला होता. त्यांनी कडब्याची पेंढी बांधून पेटवली आणि दरसालप्रमाणं रानाभोवती फिरवायला घेऊन निघाले. भाचा बूट न घालताच मागं धावला. "बाबा, मला द्या की," म्हणत. दाजींनी पेंढी दिली नाही, वेग वाढवला. हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीच्या कडेनं, अमावास्येच्या काळोखात एकच जाळ पळत होता आणि त्याच्यामागं दोघांचं हसणं ऐकू येत होतं. विहिरीपाशी दाजी दमून थांबले असतील असं मला वाटलं. जाळ थांबला नाही. बांधाचं वळण घेऊन तो पुन्हा आमच्याकडं यायला लागला होता.